उलांडीची होडी



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो रास्तही आहे. आपले गाव गोदावरीच्या खोऱ्यातले. अरबी समुद्र येथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. आणि आपली नदी तर त्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून थेट पूर्वेच्या उपसागराकडे निघालेली. अशा गावात समुद्रावरच्या होडीविषयी, आणि तीही हवाई बेटांतल्या होडीविषयी बोलण्याचे प्रयोजन काय?

प्रयोजन असे की, समुद्र जरी आपल्याकडे येत नसला तरी आता आपण समुद्राकडे जाऊ लागलो आहो. दिवाळीची किंवा नाताळची सुटी लागली की मराठवाड्यातली कुटुंबे मालवण-तारकर्लीची वाट धरतात. तेथे होडीत बसतात, डोळ्यांवर काचेचा मुखवटा आणि तोंडात नळी धरून पाण्यात डोके घालतात आणि पोवळी व रंगीत मासे पाहून परत येतात. हवाई बेटांत हीच सहल उलांडीच्या होडीतून, वाटाड्या बरोबर घेऊन करतात. ज्या साधनांच्या भरवशावर आपण बायकापोरांसह पाण्यावर जातो ती साधने चालतात कशी, आणि त्यांच्यामागे कोणाचे ज्ञान उभे आहे, हे गावातच समजून घेतलेले बरे. भर समुद्रात ते समजावून सांगायला कोणाला सवड नसते.

आरंभ आपल्या ओळखीच्या वस्तूपासून करू. गुऱ्हाळावरची काहील आपण सर्वांनी पाहिली आहे. पुराच्या किंवा धरणाच्या फुगवट्याच्या पाण्यातून पलीकडे जायला दुसरे काही नसले म्हणजे आपली माणसे ही काहीलच पाण्यात लोटतात. ती सहसा कलंडत नाही. का? कारण तिचा पसारा मोठा आणि खोली कमी. एका बाजूस भार पडला की ती बाजू थोडी पाण्यात जाते, तेथे अधिक पाणी दूर सारले जाते, आणि ते पाणी तिला परत वर उचलते. पसारा जितका रुंद तितके हे उचलणे जोरकस. परंतु काहिलीचा दोष तिच्या गुणातच आहे. ती स्वतःभोवती गरगर फिरते, पुढे जात नाही. रुंद वस्तूला पाणी फार अडवते.

आता याच्या उलट टोक पाहा. एकाच झाडाचे लांब खोड कोरून अरुंद होडी केली तर ती सुरीसारखी पाणी कापीत जाते. पण तिच्यात बसलेल्या माणसाने नुसते शिंकावे आणि होडी उलटावी, अशी तिची अवस्था! होडी बांधणाऱ्यापुढे जगात सर्वत्र हाच पेच पडला. वेग हवा तर अरुंद करा, पण मग ती कलंडते. निर्भय हवी तर रुंद करा, पण मग ती रखडते. बहुतेकांनी मधला मार्ग काढला, म्हणजे थोडी रुंद आणि थोडी सावकाश अशी होडी बांधली. काही लोकांनी मात्र या पेचातून फार सुंदर वाट शोधली. त्यांनी होडी अरुंदच ठेवली आणि तिच्या एका बाजूस, दोन-अडीच मीटर अंतरावर, हलक्या लाकडाचा एक ओंडका पाण्यावर तरंगत ठेवून तो दोन आडव्या दांड्यांनी होडीशी जखडून टाकला. होडीची रुंदी वाढली नाही, पण तिच्या आधाराची रुंदी वाढली. मधल्या मोकळ्या जागेतून पाणी निर्वेध वाहते, त्यामुळे वेगालाही फारशी बाधा येत नाही. या बाजूच्या ओंडक्याला कोकणात उलांडी म्हणतात.

उलांडीचे काम ढोबळ हिशेबाने पाहू. समजा, उलांडीचे वजन २० किलो आहे आणि ती होडीपासून २ मीटर दूर आहे. तिचे आकारमान ६० लिटर धरू. शांत पाण्यात ती स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे २० लिटर पाणी सारून तरंगते. होडी उलांडीच्या बाजूस झुकली तर उलांडी खाली दाबली जाते, आणि पूर्ण बुडेपर्यंत आणखी ४० लिटर पाणी सारते. म्हणजे ४० किलोचा जोर तिला २ मीटर अंतरावरून वर ढकलतो. तराजूच्या भाषेत हा ४० गुणिले २, म्हणजे ८० चा प्रतिकार झाला. होडी उलट बाजूस झुकली तर मात्र उलांडी पाण्यातून वर उचलली जाते. तेथे तिला थोपविणारे फक्त तिचे २० किलो वजन, म्हणजे २० गुणिले २, केवळ ४०. साठ किलोचा माणूस त्या बाजूस सत्तर सेंटिमीटर बाहेर झुकला की हिशेब ४२ होतो आणि पारडे फिरते! म्हणून उलांडीच्या होडीत बसणाऱ्याला जगात सर्वत्र पहिला धडा एकच देतात: भार उलांडीकडे टाका, दुसरीकडे वाकू नका. हा नियम वाटाड्याच्या लहरीतून आलेला नाही. तो या गुणाकारातून आलेला आहे.

ही युक्ती आपल्या किनाऱ्याला नवी नाही. दक्षिण कोकण, गोवे आणि कारवार या टापूत किनाऱ्याजवळ जाळी टाकणाऱ्या लहान होड्यांना पिढ्यान् पिढ्या उलांडी बांधीत आले आहेत. खालचा भाग कोरीव खोडाचा, वरच्या फळ्या काथ्याने शिवलेल्या, आणि बाजूला उलांडी, असे तिचे जुने रूप. खिळ्यांऐवजी काथ्या वापरण्याला कारण आहे. लाटेतून वाळूवर येताना होडीला हिसका बसतो, तेव्हा शिवण थोडी लवते आणि तो हिसका पचवते.

आता नकाशावर एक मोठी उडी घेऊ. प्रशांत महासागराच्या मध्यावर हवाई बेटे आहेत. सर्वांत जवळचा मोठा भूभाग तेथून साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर. तेथे होडीला वाआ म्हणतात, उलांडीला आमा आणि आडव्या दांड्यांना इआको. होडीचे अंग कोआ नावाच्या बाभळीच्या कुळातल्या झाडाचे, आणि आमा पारंपरिक रीतीने विलीविली नावाच्या अतिशय हलक्या लाकडाची. वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतात की हे विलीविली आपल्या पांगाऱ्याचे जवळचे भावंड आहे. दोघांची प्रजाती एकच. फाल्गुन-चैत्रात तांबड्या फुलांनी पेटलेला आपला पांगारा ज्याने पाहिला आहे, त्याला हवाईच्या होडीचा एक भाग आधीच ओळखीचा आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

कोकणात आणि हवाईत एकच युक्ती कशी, असे कोणी विचारील. विद्वानांचे सामान्यतः मत असे की, सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी तैवानच्या बाजूने एक दर्यावर्दी मानवसमूह दक्षिणेकडे उतरू लागला. त्याच्या वंशजांनी फिलिपाईन्स आणि इंडोनेशियाची बेटे वसविली. एक शाखा पश्चिमेस आफ्रिकेजवळच्या मादागास्करपर्यंत गेली, दुसरी पूर्वेस ताहिती, हवाई आणि न्यूझीलंडपर्यंत पोहोचली. हे लोक जेथे गेले तेथे उलांडी गेली. जावा बेटावरील बोरोबुदुर येथे इसवी सनाच्या आठव्या-नवव्या शतकांत कोरलेल्या शिल्पांत उलांडी लावलेली मोठी शिडाची जहाजे स्पष्ट दिसतात. आपल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचे जहाज रंगविलेले आहे आणि सातवाहनांच्या काही नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज उमटविलेले आहे. म्हणजे दख्खनच्या लोकांना समुद्रप्रवास अपरिचित नव्हता, आणि पूर्वेकडच्या बेटांशी भारताचे दळणवळण होते. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेले जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला आणि भारत व श्रीलंकेची उलांडी या पूर्वेकडच्या दर्यावर्दींच्या संपर्कातून आली असावी, असे मत मांडले. हा तर्क आहे. त्याला लेखी दाखला नाही. पण निकोबार बेटांवरच्या उलांडीच्या नावेलाही होडी असेच म्हणतात, ही गोष्ट मराठी माणसाच्या कानाला गोड लागण्याजोगी आहे.

आता सहलीकडे वळू. हवाईत अशा सहलीला बहुधा सहा जणांची होडी असते. ती तेरा-चौदा मीटर लांब, पण रुंदीला जेमतेम एक माणूस बसेल इतकी. उलांडी डाव्या हातास. किनाऱ्यावर वाटाड्या आधी प्रत्येकाला तरंगजाकीट घालावयास लावतो, वल्हे कसे धरावे ते शिकवतो आणि जागा ठरवून देतो. सर्वांत पुढचा वल्हेकरी लय देतो, सर्वांत मागचा सुकाणू धरतो, मधला एक जण हाळी देतो. एक जण उजवीकडे तर त्याच्या मागचा डावीकडे, असे वल्हवायचे. ठराविक वल्ही झाली की 'हट' अशी हाळी येते आणि 'हो' म्हणताच सर्वांनी एकदम बाजू बदलायची. बळकट माणूस लय सोडून वल्हवू लागला तर त्याचे बळ होडीला उपयोगी पडण्याऐवजी अडथळाच करते. आपल्याकडे मोटेवर किंवा रहाटावर काम केलेल्या म्हाताऱ्यांना हे निराळे सांगावयास नको.

खडकाजवळ आले की पाण्यात उतरावयाचे. येथे दोन साधने लागतात आणि दोहोंमागे भौतिकशास्त्र आहे. पहिले साधन मुखवटा. आपण नदीत बुडी मारून डोळे उघडले तर सारे धूसर दिसते. याचे कारण असे की, डोळ्याच्या बाहेरच्या पडद्यातून शिरताना प्रकाश जो वाकतो तो मुख्यतः हवेतून आत येताना वाकतो. डोळा पाण्याला टेकला की ते वाकणे जवळजवळ नाहीसे होते आणि प्रतिमा नीट जुळत नाही. मुखवटा डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा ठेवतो, म्हणून पुन्हा स्वच्छ दिसते. मात्र सपाट काचेतून पाहताना वस्तू सुमारे एकतृतीयांशाने मोठ्या आणि एकचतुर्थांशाने जवळ भासतात. तीस सेंटिमीटरांचा मासा चाळीस सेंटिमीटरांचा दिसतो! परतल्यावर माशाची लांबी सांगताना माणसे खोटे बोलतात असे नाही. काच त्यांना तसे सांगते.

दुसरे साधन नळी. ती साधारण वीतभर-दीड वीत लांब असते. मग ती दोन हात लांब करून खोल का जाऊ नये, अशी शंका हुशार मुले घेतात. तिचे उत्तर असे. दहा मीटर पाण्याचा दाब एका वातावरणाइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. त्या हिशेबाने एकच मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला शंभर ग्रॅम दाब पडतो. छातीचा सहाशे चौरस सेंटिमीटर भाग जरी धरला तरी साठ किलो ओझे झाले. छातीवर एक माणूस बसवून श्वास घेण्यासारखेच ते! शिवाय नळी लांब असली तर उच्छ्वासाची हवा नळीतच उरते आणि तीच पुन्हा आत येते. म्हणून नळी आखूड, आणि म्हणून या खेळाची जागा पाण्याचा पृष्ठभाग. पालथे तरंगत राहावे, खाली पाहावे, सावकाश श्वास घ्यावा. नळीत पाणी शिरले तर जोराने फुंकून काढावे, हे आधी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून शिकून घ्यावे.

ज्याला गोदावरीत पोहता येते त्याला समुद्राची काय भीती, असा एक समज आपल्याकडे आढळतो. खारे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते, त्यामुळे त्यात शरीर किंचित सोपे तरंगते, हे खरे. परंतु समुद्रात किनाऱ्यापासून आत ओढणारा प्रवाह असतो, ओहोटी असते, लाट असते. नळी तोंडात असलेला माणूस संकटात सापडला तर तो हाका मारीलच असे नाही. तो नुसता निश्चल तरंगताना दिसतो, आणि दुरून पाहणाऱ्याला वाटते की मासे पाहण्यात रमला आहे. म्हणूनच एकट्याने पाण्यात उतरू नये, जोडीने उतरावे आणि दर थोड्या वेळाने जोडीदाराची खूण घ्यावी, असा नियम आहे.

पाण्याखाली दिसते काय? मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ खडकांवर प्रवाळ आहेत. शिवछत्रपतींनी १६६४ साली ज्या बेटावर हा किल्ला बांधावयास घेतला, त्याच बेटाच्या पायथ्याशी ही सजीव सृष्टी आहे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती लहान लहान प्राण्यांची वसाहत असते. या प्राण्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करून आपल्या यजमानाला देते आणि त्याला रंगही तेच देते. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले तर हे शैवाल निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली जगातील समुद्रांत असे मोठ्या प्रमाणावर घडले, आणि २०१४ ते २०१७ या काळात पुन्हा घडले. गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. एखाद्या पाहुण्याने त्यावर पाय देऊन उभे राहून छायाचित्र काढून घेतले, तर वीस-पंचवीस वर्षांची वाढ एका क्षणात मोडते. मालवणचा हा परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे. कागदावरचे अभयारण्य पाण्यात टिकते की नाही, हे मात्र आपल्या पायांवर अवलंबून आहे. हवाई राज्याने तर प्रवाळास अपायकारक ठरलेली दोन रसायने ज्यात आहेत अशी ऊन लागू नये म्हणून लावायची मलमे विकण्यास १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली.

येथवर साधनांचा विचार झाला. आता ज्ञानाचा विचार करू, कारण साधनापेक्षा ते नाजूक असते. हवाईत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दूरच्या प्रवासाची नौकाविद्या लोपली होती. आपले पूर्वज तारे आणि लाटा पाहून हेतुपूर्वक या बेटांवर आले, की वाऱ्यावर भरकटत आले, असा वाद विद्वान घालीत होते. तेव्हा काही हवाईकरांनी जुन्या धर्तीची होकुलेआ नावाची जोडनौका बांधली. ती चालविण्याची विद्या जाणणारा माणूस त्यांच्यात उरला नव्हता. मायक्रोनेशियातील सातावाल या चिमुकल्या बेटावरचे माऊ पियाइलुग पुढे आले, आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ साली ही नौका कोणत्याही उपकरणावाचून चार हजार किलोमीटरांचा प्रवास करून ताहितीस पोहोचली. वाद मिटविण्यास या एका प्रवासाने पुष्कळ साहाय्य केले.

परंतु यशाच्या भरात माणूस निष्काळजी होतो. १९७८ च्या मार्चमध्ये हीच नौका दुसऱ्यांदा निघाली आणि पहिल्याच रात्री वादळी समुद्रात उलटली. खलाशांत एडी आइकाऊ होता. वाइमेआच्या किनाऱ्यावर बुडणाऱ्यांना वाचविणारा म्हणून त्याची ख्याती होती. मदत आणावी म्हणून तो लाटांवर खेळण्याची फळी घेऊन एकटाच किनाऱ्याकडे निघाला. बाकीचे सर्व वाचले. तो पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. त्यानंतर मंडळींनी प्रवास सोडला नाही, पण शिक्षण कडक केले आणि सोबतीला दुसरी बोट ठेवू लागले. १९८० साली नाइनोआ थॉम्प्सन या हवाईच्या तरुणाने ती नौका ताहितीस नेऊन परत आणली. धाडस आणि शिस्त यांची फारकत करता येत नाही, हे त्यांना फार मोठी किंमत देऊन कळले.

आपल्याकडेही अशी किंमत मोजली गेली आहे. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. अशा बातम्या आपण वाचतो, हळहळतो आणि पुढच्या सुटीत तसेच होडीत चढतो. "काय होतंय एवढ्यानं" म्हणून जाकिटाचे बंद मोकळे सोडतो, छायाचित्रासाठी सर्व जण एका बाजूस येतो. मघाचा गुणाकार आठवा. होडीला उलांडी असो वा नसो, पाणी हिशेब चुकू देत नाही.

आज मालवणात पर्यटकांना नेणाऱ्या होड्या बहुधा यंत्रावर चालणाऱ्या आहेत, आणि लाकडी उलांडीच्या होड्यांची जागा फायबरच्या होड्या घेत आहेत. कोळ्या-गाबितांच्या पोरांनी कमी कष्टाचे साधन घ्यावे यात गैर काही नाही. खेद वाटावा अशी गोष्ट निराळी आहे. वारा कोठून फिरणार, पाणी कोणत्या तासाला गढूळ होणार, कोणत्या खडकामागे ओढ आहे, हे ज्याला बापाकडून कळले आहे त्या तांडेलाला आपण केवळ भाड्याने मिळणारा चालक समजतो आणि दरासाठी त्याच्याशी घासाघीस करतो. पण तो "आज दर्यात जायचं नाही" म्हणतो तेव्हाच त्याची विद्या आपल्या सर्वांत अधिक कामी येत असते. त्या शब्दाला मान देणारा प्रवासी असेल तरच ती विद्या पुढच्या पिढीत टिकेल. नाही म्हणणाऱ्याचे गिऱ्हाईक शेजारचा होडीवाला पळवू लागला, तर काही वर्षांत नाही म्हणणारा कोणी उरणार नाही.

म्हणून येत्या सुटीत जे जातील त्यांच्याशी थोडे व्यवहाराचे बोलून मी थांबतो. होडीत पाय ठेवण्यापूर्वी विचारावे: होडीत किती माणसांची परवानगी आहे? प्रत्येकाला, मुलांनाही, मापाचे जाकीट आहे काय? पाण्यात आमच्याबरोबर कोण उतरणार, आणि वर होडीत लक्ष ठेवावयास कोण राहणार? आज वारा कसा आहे? नीट उत्तरे मिळाली तर निर्धास्त बसावे, सांगितलेल्या जागी बसावे, पोवळ्याला हात-पाय लावू नये. आणि तांडेल नको म्हणाला, तर त्याचे आभार मानून किनाऱ्यावरच बसावे. खडकावरचे मासे उद्याही तेथेच असतील.